मंत्र्यांचं भाषण बंद पाडायचं की त्यांच्याकडून तारीख घ्यायची?

प्रश्न : मी जिल्ह्याच्या ठिकाणी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयातल्या बऱ्याच जणांची शिष्यवृत्ती महिनोन्महिने अडकली आहे, काहींना स्वाधार योजनेचे (वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी मिळणारे) पैसेही मिळालेले नाहीत. पुढच्या महिन्यात नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री येणार आहेत. आमच्या गटाचं ठरतंय की भाषण सुरू झालं की घोषणा द्यायच्या आणि ते खाली बसेपर्यंत थांबायचं नाही. एक जण शाई आणतो म्हणतो. मला हे पटत नाही. पण मी बोलले की मित्र म्हणतात, ‘माईक त्यांच्याकडे, पोलीस त्यांच्याकडे, आपल्याकडे फक्त आवाज. चर्चा बरोबरीच्या माणसांत होते.’ यावर मला उत्तर सुचत नाही. प्राचार्य म्हणतात, पाहुण्यांचा मान राखा, गप्प बसा. मी काय करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या मित्रांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो टाळला तर पुढचा सल्ला त्यांच्या कानात शिरणार नाही. मंत्री आणि विद्यार्थी बरोबरीचे नाहीत, हे खरंच आहे. व्यासपीठ त्यांचं, सूत्रसंचालन त्यांच्या सोयीचं, बंदोबस्त त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, पण ती वर्षानुवर्षं कागदावर राहिली. म्हणजे तुमच्या वतीने हक्काने उभा राहील असा निवडून आलेला विद्यार्थी प्रतिनिधीसुद्धा तुमच्याकडे नाही. अशा वेळी ‘गप्प बसा’ हा सल्ला आम्ही देणार नाही. लोकप्रतिनिधीला समोरासमोर जाब विचारण्यात पाहुण्याचा अपमान नसतो. ज्या पदामुळे त्यांना बोलावलं, त्या पदावर बसणाऱ्याला प्रश्न विचारले जाणारच.

चूक आहे ती यापुढच्या उडीत : बरोबरी नाही, म्हणून बोलूच द्यायचं नाही. भाषण बंद पाडण्याचा बेत प्रत्यक्षात कसा घडतो ते डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पाच मिनिटांत घोषणा सुरू होतात. साध्या वेशातले पोलीस सभागृहात आधीच बसलेले असतात, ते तुम्हाला दंडाला धरून बाहेर काढतात. मंत्री माईक हातात घेऊन म्हणतात, ‘ही मुलं आपली नाहीत, यांना कोणी पाठवलंय ते मला ठाऊक आहे,’ आणि सभागृह टाळ्या वाजवतं. दुसऱ्या दिवशी मथळा ‘उद्घाटनात गोंधळ’. शिष्यवृत्ती किती जणांची अडकली, किती महिने अडकली, हे बातमीत कुठेच नसतं. आणि समजा बेत पूर्ण यशस्वी झाला, मंत्री खरंच भाषण सोडून निघून गेले, तर ते एकाही प्रश्नाचं उत्तर न देता गेले. ज्यांच्याकडून उत्तर हवं होतं त्यांना निसटण्याची वाट तुम्हीच करून दिलीत. मित्रांशी बोलताना हाच मुद्दा लावून धरा. सभ्यतेचा दाखला देऊ नका, त्याने ते आणखी चिडतील.

सभागृहातल्या बाकीच्यांचाही विचार करा. तिथे तीन-चारशे विद्यार्थी, काही पालक, प्राध्यापक असतील. त्यांतले अनेक जण तुमच्या बाजूचेही नाहीत, विरोधातही नाहीत. त्यांचंही काहीतरी अडकलेलं आहे, पण ते बोललेले नाहीत. तुम्हाला माणसं हवीत ती यांच्यातूनच मिळणार. त्यांना ऐकायला आलेलं भाषण ऐकू दिलं नाही, तर त्यांचा राग मंत्र्यांवर न जाता तुमच्यावर येतो. बोलण्याचा हक्क एकट्या वक्त्याचा नसतो. ऐकून आपलं मत ठरवण्याचा हक्क श्रोत्याचाही असतो, आणि घोषणांनी आधी तो जातो.

यात तुमचा स्वतःचा स्वार्थही आहे. तुमच्या मंडळाने एखादा वक्ता बोलावला आणि कुणीतरी ‘कार्यक्रम उधळून लावू’ असं पत्र दिलं की प्राचार्य व्याख्यानच रद्द करतात, हा प्रकार तुम्हाला नवा नसेल. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात स्पष्ट केलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दाबता येत नाही, आणि विरोधकांचा जमाव आवरता येत नाही असं कारण सरकारला देता येत नाही. हा निकाल तुमच्या वक्त्याला वाचवतो. उद्या तो तुमच्या उपयोगी पडावा असं वाटत असेल, तर आज मंत्र्यांच्या बाबतीत तो पाळावा लागेल.

सभा उधळण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला सुरतेचा आहे. डिसेंबर १९०७ मधलं काँग्रेसचं अधिवेशन. पहिल्या दिवशी सुरेंद्रनाथ बॅनर्जींना गोंगाटात बोलता आलं नाही, बैठक तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळक बोलण्याचा हक्क मागत व्यासपीठावर उभे राहिले, आणि त्या गदारोळात भिरकावलेला जोडा बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या, काठ्या चालल्या, शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. जहाल आणि मवाळ, दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं बरंच होतं. बोलायची संधी मिळत नाही ही टिळकांची तक्रार तर रास्त होती. पण ऐकलं कुणाचंच गेलं नाही. पुढच्या वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा काँग्रेस दुभंगलेली होती, आणि दोन्ही गट एकत्र यायला १९१६ चं लखनौ उजाडलं.

शाईबद्दल वेगळं आणि ठामपणे सांगतो : नको. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत एका पुस्तकाच्या प्रकाशनाला विरोध म्हणून आयोजक सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. त्याच काळ्या चेहऱ्याने त्यांनी पत्रकार परिषद घेतली, ते छायाचित्र जगभर गेलं, आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी झाला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं, हे त्या छायाचित्रापुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शिवाय अंगावर काही फेकणं म्हणजे बळाचा वापर. मंत्री लोकसेवक असल्याने भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि पाच किंवा अधिक जणांचा जमाव बेकायदा ठरला, तर कलम १९० नुसार समान उद्देशासाठी एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी त्या वेळी जमावात असलेल्या प्रत्येकावर येते. बाटली एकाच्या हातात असते, पण गुन्हा वीस जणांवर नोंदवला जाऊ शकतो. ज्यांना पुढे पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत त्यांना चारित्र्य पडताळणीच्या वेळी हा कागद आडवा येतो. आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात हे खरं, पण खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागते आणि त्यात वर्षं जातात. त्या मित्राला हे नीट वाचून दाखवा. त्याचा संताप खोटा नाही. त्याला दुसरं जोखमीचं, जबाबदारीचं काम द्या. काय, ते पुढे येईलच.

मग सत्तेच्या तोंडावर बोलायचं कसं? १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राणीच्या मुलाला सांगितलं की इथे जमलेली दागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे हा देश नव्हे. खेड्यांत जाऊन पाहा आणि रयतेला शिक्षणाची गरज आहे हे आपल्या आईला कळवा. तिथे त्यांच्यात आणि राजपुत्रात कसली बरोबरी होती? त्यांनी कार्यक्रम मोडला नाही, कार्यक्रमातच आपलं म्हणणं असं ठेवलं की ते आजही सांगितलं जातं.

मित्र कदाचित विचारतील, मग महाडचा सत्याग्रह? १९२७ मध्ये चवदार तळ्यावर लोकांनी स्वतःचा पाण्याचा हक्क बजावला. दुसऱ्या कुणाचं पाणी तोडलं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. आणि ज्यांनी तो सत्याग्रह केला त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं की संवैधानिक मार्ग खुले असताना असहकार, कायदेभंग, सत्याग्रह या वाटाही सोडायला हव्यात. त्या भाषणातली अट नीट वाचण्यासारखी आहे : मार्ग खुले असताना. तुमच्यासाठी ते खुले आहेत की नाहीत, हे आधी ते वापरून आणि त्याचा कागद जवळ ठेवूनच सिद्ध होईल.

तेव्हा कामाला लागू. महिना हातात आहे, तो पुरतो.

पहिला आठवडा यादीचा. सगळी फसगत इथेच होते. ‘शेकडो मुलांची शिष्यवृत्ती अडकली’ असं म्हणून चालत नाही. प्रत्येकाकडून अर्ज क्रमांक, योजनेचं नाव, वर्ष आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरची आजची स्थिती घ्या, पडद्याचं छायाचित्र ठेवा. मग यादीचे तीन भाग पाडा. काही अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनलाच पडून असतात. लिपिकाने पुढे पाठवलेलेच नसतात. काही मंजूर असतात पण बँक खातं आधारला जोडलेलं नसल्याने पैसे परत जातात. आणि काही विभागाकडे अडकलेले असतात. मंत्र्यांना विचारण्याजोगा भाग फक्त तिसरा. हे वेगळं केलं नाही, तर मंत्र्यांचे अधिकारी त्यांच्या कानात सांगतात, ‘साहेब, यातले निम्मे कॉलेजनेच पाठवले नाहीत,’ आणि तुमचा खरा मुद्दाही त्याबरोबर वाहून जातो. पहिल्या भागासाठी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, दुसऱ्यासाठी एक दिवस ठरवून सगळ्यांना बँकेत न्या. यात कित्येकांचे पैसे मंत्री येण्याआधीच सुटतील, आणि ती मुलं त्या दिवशी तुमच्याबरोबर उभी राहतील. स्वाधारची यादी वेगळी करा, कारण त्याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे करायची असते.

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून लांबलचक प्रस्तावना लिहू नका. गेल्या दोन शैक्षणिक वर्षांत आपल्या जिल्ह्यातून या योजनेचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती जणांना रक्कम दिली, किती प्रलंबित, एवढंच मागा. ‘का दिली नाही’ असं विचारलं की ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. त्याऐवजी प्रलंबित असण्याची कारणं नोंदवलेल्या कागदाची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून आजच टाका. वेळेत आलं नाही, तर ‘अमुक तारखेला माहिती मागितली, मिळाली नाही’ हेही निवेदनात जातं.

दुसऱ्या आठवड्यात प्राचार्यांना पत्र द्या. मागणी नेमकी करा : भाषणानंतर दहा मिनिटं विद्यार्थ्यांचे तीन प्रश्न. जमत नसेल, तर कार्यक्रमाआधी किंवा नंतर पाच विद्यार्थ्यांच्या शिष्टमंडळाला पाच मिनिटं. दोन्ही पर्याय एकाच पत्रात लिहा. याच पत्राची प्रत मंत्र्यांच्या स्वीय सहायकाकडे पाठवा. प्रत्येक पत्र दोन प्रतींत न्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच परतायचं. पोहोच नसलेलं निवेदन दिलेलंच नसतं असं धरा. प्राचार्यांना हेही लिहून द्या की आम्ही भाषणात अडथळा आणणार नाही. हे वाक्य लिहायला गटातले काही जण तयार होणार नाहीत. पण प्राचार्यांचा नकार आला तर तो कोणत्या अटीवर आला हे जगाला दाखवायला हेच वाक्य लागतं.

बाहेर निदर्शनं करायची असतील तर स्थानिक पोलीस ठाण्यात किमान आठवडाभर आधी अर्ज द्या : तारीख, कधीपासून कधीपर्यंत, जागा, अंदाजे संख्या, दोन जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन. निदर्शन हा अभिव्यक्तीचाच प्रकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केलं आहे. संविधानाचं कलम १९ बोलण्याचा आणि निःशस्त्र, शांततेने जमण्याचा हक्क देतं. त्यावर वाजवी निर्बंध मात्र असू शकतात. रस्ता बेमुदत अडवून बसण्याचा हक्क त्यात येत नाही, हे २०२० च्या शाहीनबाग निकालात सांगितलं गेलं. काळे झेंडे दाखवणं हा मुळात गुन्हा नाही. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मुख्यमंत्र्यांना काळा झेंडा दाखवल्याचा खटला रद्द केला. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (३) खाली पाच किंवा अधिक जणांना जमायला मनाई करणारे आदेश आपल्याकडे वारंवार निघतात. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. त्या तारखेला तो लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या. लागू असेल आणि परवानगी नसेल, तर बाहेरचा कार्यक्रम सोडा आणि सगळा भर आतल्या प्रश्नांवर द्या. ध्वनिक्षेपकाच्या भानगडीत पडू नका. त्याला वेगळी परवानगी लागते, आणि शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित असेल तर ती मिळणारही नाही.

या काळात तुमच्यापैकी दोघा-तिघांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस येऊ शकते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या क्रमांकावरून जुनी मंडळी तिला अजून १४९ ची नोटीस म्हणतात. ती अटक नव्हे, ताकीद आहे. घाबरून फोन बंद करू नका. नोटीस घ्या, प्रत ठेवा, आणि ‘आमचा कार्यक्रम शांततेचा आहे, अर्जाची प्रत सोबत जोडली आहे’ असं लेखी उत्तर द्या. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे पोलीस दारात आल्यावर आईवडिलांची घाबरगुंडी उडणार नाही.

आता प्रश्नांकडे येऊ. खरी लढाई इथे आहे. तीनच प्रश्न, प्रत्येक पंचवीस शब्दांच्या आत, वीस सेकंदांत संपणारा. प्रश्नात एक आकडा आणि एक तारखेची मागणी. उदाहरणार्थ : ‘साहेब, आमच्या महाविद्यालयातले इतके अर्ज विभागाने मंजूर केले आहेत, रक्कम आलेली नाही. ती कोणत्या तारखेपर्यंत खात्यात जमा होईल?’ कुठलीही प्रस्तावना नाही, सरकारच्या एकूण धोरणावर भाष्य नाही. विद्यार्थ्यांचे प्रश्न फसतात ते नेहमी एकाच जागी : मूल उभं राहतं, दोन मिनिटं पार्श्वभूमी सांगतं, आवाज चढतो, सूत्रसंचालक माईक काढून घेतो आणि सभागृहाला वाटतं, बरं झालं. आधी गटात सराव करा. एकाला मंत्री करा आणि त्याला मंत्र्यांची बाजू जितकी भक्कम मांडता येईल तितकी मांडू द्या. आपल्या जुन्या वादपद्धतीत पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, पूर्ण ताकदीने मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला, म्हणजे आपल्या उत्तराला, किंमत नव्हती, ती शिस्त इथे उपयोगी आहे. निधी केंद्राकडून यायचा आहे, पोर्टलमध्ये तांत्रिक अडचण आहे, वित्त विभागाकडे फाइल आहे, ही तीन उत्तरं जवळजवळ नक्की येतील. प्रत्येकावर एकच छोटा उपप्रश्न तयार ठेवा.

आणि ‘निवेदन द्या, बघतो’ हे उत्तर तर येणारच. त्यावर दुसऱ्या रांगेतल्या मुलीने शांतपणे विचारायचं, ‘निवेदन दिलं आहे, आवक क्रमांक हा. पाठपुरावा कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचा आणि कधी?’ हे सभागृहासमोर विचारलं की मंत्री बहुतेक वेळा शेजारच्या अधिकाऱ्याकडे बोट दाखवतात. त्या अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या. तुमच्या सगळ्या महिन्याच्या खटपटीची कमाई ती आहे. विचारणाऱ्यांना एका ओळीत बसवू नका, सभागृहात विखरून बसवा, म्हणजे माईक एका बाजूला गेला तरी एक प्रश्न होतोच.

प्रश्नांना वेळच दिला नाही तर? तेव्हा दृश्य निषेध करा, तोही पूर्ण मुका. काळे कपडे, काळ्या फिती, काठ्या, बाटल्या, छत्र्या प्रवेशद्वारावरच काढून घेतात, कधीकधी काळा रुमालसुद्धा. पांढरा कागद कुणी काढून घेत नाही. प्रत्येकाच्या वहीत एक घडी घातलेला फलक ठेवा. अक्षरांची उंची सुमारे तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर या हिशेबाने धरा. व्यासपीठ पंधरा मीटरवर असेल तर बारा-तेरा सेंटिमीटरची अक्षरं हवीत. म्हणजे एका कागदावर एकच शब्द किंवा एकच आकडा मावतो; पाच-सहा जणांनी मिळून एक वाक्य करायचं. बसूनच, छातीशी धरायचं, मागच्यांची नजर अडवायची नाही. मंत्री शिष्यवृत्तीबद्दल बोलतील त्या क्षणी उघडा, नाहीतर भाषणाच्या शेवटच्या दोन मिनिटांत. किंवा भाषणाच्या मध्यावर चाळीस जण एका ओळीने, एक शब्द न बोलता बाहेर जा. चाळीस रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्याला दिसतात आणि उरलेल्यांना भाषण ऐकू येत राहतं. मध्येच एखादं ‘आकडा सांगा’ असं वाक्य कुणाच्या तोंडून निघालं तर आभाळ कोसळत नाही, राजकीय सभेत तेवढं चालतं. कसोटी साधी ठेवा : शेवटच्या रांगेतल्याला वक्त्याचं वाक्य ऐकू येईनासं झालं की तुम्ही हद्द ओलांडली.

राष्ट्रगीत सुरू असताना चकार शब्द काढू नका, कागदही उघडू नका. राष्ट्रगीतात जाणूनबुजून व्यत्यय आणणं हा १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. आणि तुमच्या भागात त्या सुमारास निवडणूक जाहीर होऊन ती प्रचारसभा ठरत असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ लक्षात ठेवा : सभेचं कामकाज होऊ नये म्हणून गोंधळ घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सभागृहाबाहेर ताफ्याच्या आडवं जायचं नाही, कठड्याला हात लावायचा नाही. घोषणा आधी लिहून काढा आणि कागदाबाहेरची एकही द्यायची नाही. जात, बाई, घरचे लोक, शरीर यांच्यावरची एक घोषणा पुढच्या सगळ्या आकड्यांना खाऊन टाकते. दर दहा जणांमागे एक स्वयंसेवक. एखाद्या पक्षाचे कार्यकर्ते झेंडे घेऊन तुमच्यात शिरले, तर त्यांच्याशी वाद न घालता सगळ्यांनी पन्नास पावलं बाजूला सरकायचं. कुणी काही फेकलं तर ठरलेल्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम जागच्या जागी बसायचं. उभा राहिलेला माणूस मग कॅमेऱ्यात एकटा दिसतो, आणि ‘समान उद्देश’ नव्हता हे सांगायला तुमच्याकडे पुरावा असतो.

शाईवाल्या मित्राचं काम इथे. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत न थांबता चित्रीकरण त्याने करायचं. मध्ये तोडलेली चित्रफीत वादात कामाची नसते. चित्रीकरण करणाऱ्याने घोषणा द्यायच्या नाहीत, कुणी ढकललं तरी उत्तर द्यायचं नाही. ज्याच्यात धग आहे पण जबाबदारी दिली की ती पेलण्याची ताकदही आहे, अशाच माणसाला ते जमतं.

पोलिसांनी ताब्यात घेतलं तर अंग टाकून देऊ नका, झटापट करू नका, गाडीत बसा. बहुधा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली काही तास बसवून सोडतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली घेतलं तरी २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. अटक झालीच तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. सर्वांची नावं, घरचे फोन, एका वकिलाचा फोन असलेला कागद घेऊन एक जण मुद्दाम कार्यक्रमापासून दूर, बाहेर थांबवा. न वाचता कशावरही सही नको. महाविद्यालयाने शिस्तभंगाची कारवाई काढली तर आरोप लेखी मागा आणि म्हणणं मांडायला संधी मागा. त्या वेळी प्राचार्यांना दिलेलं, शिक्का घेतलेलं पत्र तुमच्या कामी येईल.

कार्यक्रम संपल्यावर दोन तासांत पानभराची प्रेस नोट स्थानिक वार्ताहरांना पाठवा. पहिल्या वाक्यात मंत्र्यांनी दिलेली तारीख किंवा न दिलेलं उत्तर, दुसऱ्यात आकडा; घोषणांचं वर्णन नको. उत्तर चांगलं मिळालं असेल तर तेही तितक्याच ठळकपणे लिहा. पुढच्या वेळी तेच मंत्री तुमच्याशी बोलायला तयार होतील ते यामुळे.

त्यानंतर आठव्या दिवशी त्या अधिकाऱ्याला स्मरणपत्र, मागच्या पोहोचीच्या प्रतीसह. दिलेली तारीख उलटली तर तुमच्या मतदारसंघाच्या आमदारांना, आणि सोबत विरोधी बाकांवरच्या एखाद्या आमदारांना, यादी, माहिती अधिकाराचं उत्तर आणि चित्रफितीतलं मंत्र्यांचं वाक्य शब्दशः उतरवून द्या, आणि येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) टाकण्याची विनंती करा. प्रश्न सूचनेची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी भेट घ्या.